खुर्द, बुद्रुक आणि यादीतली लेकरं

आपल्या बीड जिल्ह्यात नवखा माणूस भेटला की आपण पहिला प्रश्न विचारतो, 'गाव कोणतं?' त्याने 'शिरूर' म्हटले तर आपले समाधान होत नाही. 'कोणतं शिरूर?' हा दुसरा प्रश्न येतोच. शिरूर कासार आपल्या जिल्ह्यात, शिरूर अनंतपाळ शेजारच्या लातूर जिल्ह्यात आणि घोडनदीकाठचे शिरूर पुणे जिल्ह्यात. आष्टी हे आपल्याकडे तालुक्याचे ठिकाण आहे, तसेच ते वर्धा जिल्ह्यातही आहे. परळी म्हटले की आपल्याला वैजनाथ आठवतो, सातारकरांना सज्जनगडाच्या पायथ्याची परळी आठवते.

एकाच नावाची दोन गावे अगदी शेजारी शेजारी असली तर काय करायचे, याची तोड आपल्या वाडवडिलांनी फार पूर्वी काढून ठेवली. मोठे ते बुद्रुक आणि धाकटे ते खुर्द. बुद्रुक हा फारसीतल्या 'बुजुर्ग'चा मराठी अवतार आणि खुर्द म्हणजे लहान. हे दोन शब्द आपल्या तोंडात इतके रुळले आहेत की ते परक्या मुलखातून आले याची कुणाला आठवणही राहिलेली नाही. एसटीच्या पाटीवर ते दिसतात, सातबाऱ्यावर दिसतात, लग्नपत्रिकेतही दिसतात.

आज मला अशाच दुहेरी नावांविषयी आणि दुहेरी नोंदींविषयी बोलायचे आहे. त्याला निमित्त आहे साधारण वीस वर्षांपूर्वी संगणकासमोर घालवलेल्या एका रात्रीचे. त्या रात्री पडद्यावर एकच तक्ता तीन वेळा दिसत होता, आणि तो जास्तीचा समजून आम्ही काढून टाकला. त्या काढण्यात काय काय गेले, ते सांगण्याआधी थोडे मागे जावे लागेल.

नोंदीची दुसरी प्रत करणे ही आपल्याकडे जुनीच रीत आहे. मराठेशाहीत इनामाची सनद निघाली की तिच्या शेवटी एक ठरीव सूचना असे. गावच्या आणि परगण्याच्या अधिकाऱ्यांनी पत्राची प्रत उतरवून आपल्याकडे ठेवावी आणि मूळ पत्र ज्याचे त्याला परत द्यावे, अशी ती सूचना. गावचे दप्तर कुलकर्ण्याकडे, परगण्याचे देशपांड्याकडे. एकाकडे खाडाखोड झाली तर दुसऱ्याकडे ताडून पाहता यावे, हा त्यामागचा हेतू. म्हणजे ही दुसरी प्रत मुद्दाम ठेवलेली, हवीशी प्रत होती. मात्र असल कोणती आणि नक्कल कोणती, हे त्यावर लिहिलेले असे. आजही आपण तहसिलीत जाऊन 'नक्कल' काढतो, आणि असल बरहुकूम नक्कल असल्याची सही-शिक्क्यानिशी खात्री झाल्याशिवाय ती कोणी मानत नाही.

पुढे निजामाच्या राज्यात आपला जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. पहिल्या सालारजंगाने १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली. सरकारी कामकाज आधी फारसीत चाले, १८८० च्या दशकात ते उर्दूत आले. गावपातळीवर मोडी आणि बालबोध होतीच. वर्ष मोजायचे ते फसली सनाने. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन निघतो. हैदराबादचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७-०८ चा. अंबाजोगाईला सरकारदरबारी मोमिनाबाद म्हणत. एकच गाव, एकच योगेश्वरीचे देऊळ, तेच मुकुंदराजांचे समाधिस्थळ, पण कागदावर नाव निराळे. ज्याला हे ठाऊक नाही तो जुन्या कागदांवरून दोन गावे धरून बसेल.

माझ्या घरातलीच गोष्ट सांगतो. आजोबांची दोन कागदे आमच्या पेटीत होती. एकावर 'शेख मोहंमद वल्द शेख अहमद' आणि सन १३१७ फसली. दुसऱ्यावर 'महंमद अहमद शेख' आणि सन १९०७. पहिला कागद उर्दूत, दुसरा मराठीत. लहानपणी मला वाटे की ही दोन वेगळी माणसे आहेत आणि त्यांतला एक कुणीतरी आमचा दूरचा नातलग असावा. १३१७ मध्ये ५९० मिळवायला मला शिकवले ते वडिलांनी. त्या दिवशी दोन माणसांचा एक माणूस झाला आणि तो माझा आजोबा निघाला. त्या बेरजेचा आनंद मी अजून विसरलेलो नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस कारवाईनंतर संस्थान भारतात आले. १९५४-५५ ची खासरा पाहणी झाली. ती आजही जमिनीच्या वादात निघते. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. राज्य बदलले, लिपी बदलली, सन बदलला, पण शेत तेच आणि माणूस तोच. प्रत्येक बदलात जुन्या नोंदीशेजारी नवी नोंद बसली. त्यांतली कोणती खरी, कोणती जास्तीची, की दोन्ही खऱ्या, हे ठरवणे हेच कारकुनाचे कसब होते.

आता जरा लांबचा फेरा. एडगर कॉड नावाचा एक इंग्रज गणिती होता. दुसऱ्या महायुद्धात त्याने विमान चालवले होते. पुढे तो अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करू लागला. १९७० साली त्याने एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे आपल्या तलाठ्याला सहज पटले असते. माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, एका विषयाचा एक तक्ता करा, प्रत्येक ओळीला ओळखीचा असा एक क्रमांक द्या आणि दोन तक्ते त्या क्रमांकाने जोडा. गावाचे नाव हजार ठिकाणी लिहीत बसू नका. ते गावांच्या तक्त्यात एकदाच लिहा आणि बाकी सगळीकडे त्याचा क्रमांक द्या. नाव बदलले तर एकाच जागी बदलावे लागेल.

त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये या तक्त्यांना प्रश्न विचारायची एक भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल म्हणून जगभर पसरली. तक्त्यांना विचारलेल्या प्रश्नाला 'क्वेरी' म्हणतात. या भाषेत सुरुवातीपासून एक सोय आहे. एकच तक्ता एका प्रश्नात दोनदा घेता येतो, फक्त दोन्ही वेळी त्याला वेगळे नाव द्यावे लागते. शिकवणारे त्याचे ठरलेले उदाहरण देतात ते कचेरीचे. कारकुनाचे नाव कर्मचाऱ्यांच्या तक्त्यात असते आणि त्याचा साहेबही कर्मचारीच, म्हणून साहेबाचे नावही त्याच तक्त्यात असते. दोघांची नावे शेजारी शेजारी हवी असतील तर तो तक्ता एकदा कारकुनासाठी आणि एकदा साहेबासाठी असा दोनदा उघडावा लागतो.

१९९२ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने ॲक्सेस हा कार्यक्रम बाजारात आणला आणि ही मोठ्या कचेऱ्यांची विद्या टेबलावरच्या लहान संगणकात आली. भाषा यायची गरज उरली नाही. तक्ते पडद्यावर चौकटींसारखे मांडायचे, एका चौकटीतून दुसरीकडे माउसने रेघ ओढायची, की क्वेरी तयार. पुढे आपल्या तालुक्याच्या गावांतही संगणकाचे वर्ग निघाले आणि आमच्या पोरांनी रेघा ओढायला सुरुवात केली.

आता ती रात्र. २००५ ची दिवाळी जवळ आली होती. आपल्या जिल्ह्यात दिवाळी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयते पाजळलेले असतात, आणि सण सरतो न सरतो तोच बिऱ्हाडे ट्रकमध्ये नाही तर बैलगाडीत चढतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, नाही तर थेट कर्नाटक. एक नवरा-बायको म्हणजे एक कोयता. सहा महिने गाव ओस. लेकरांचे काय? ती बरोबर जातात, वाढ्यांच्या खोपीत राहतात आणि शाळा बुडते. म्हणून साखरशाळा, हंगामी वसतिगृहे असे प्रयोग आपल्याकडे झाले. आमच्या भागातल्या काही मंडळींनीही ठरवले की जाणाऱ्या घरांची मुले गावातच ठेवून घ्यायची, त्यांच्या जेवणाची आणि अभ्यासाची सोय करायची. त्यासाठी वस्त्यावस्त्यांवर फिरून घराघरांची नोंद घेतली गेली. माझे अक्षर बरे आणि मराठी शुद्ध, म्हणून यादी तपासायचे काम माझ्याकडे आले.

संगणक चालवायला एक विशीतला पोरगा होता. हुशार आणि कामसू. त्याने दोन तक्ते केले होते. एक 'मुले' आणि दुसरा 'गावे'. मुलांच्या तक्त्यात मुलाचा क्रमांक, नाव, आईचे नाव, इयत्ता, मूळ गावाचा क्रमांक आणि आई-वडील हंगामात जिथे असतील त्या गावाचा क्रमांक. जे घर यंदा कुठेच जाणार नाही, त्याच्यापुढे दोन्ही रकान्यांत एकच गाव. यादीत दोन्ही गावांची नावे शेजारी शेजारी छापायची होती. नावे वेगळी दिसली की समजायचे, हे लेकरू आपल्याकडे ठेवून घ्यायचे आहे.

रात्री नऊच्या सुमारास त्याने मला हाक मारली.

'चाचा, जरा इकडं या. नावं संपतच नाहीत. एकेका लेकराचं नाव पन्नास-साठ बारी येतंय.'

'का रं?'

'गावांचा तक्ता तीनदा आलाय बघा. एक गावे, मग गावे एक, मग गावे दोन. मी एकच केला होता. हे जास्तीचे दोन उडवू का?'

मी पडद्याकडे पाहिले. खरेच तीन चौकटी होत्या, आणि तिन्हींमध्ये तीच गावे. मी बी.ए. मराठीचा माणूस. मला वाटले, एका गावाला तीन तक्ते कशाला?

'उडव की,' मी म्हणालो.

त्याने दोन्ही चौकटी काढल्या. मुलांच्या तक्त्यातून निघणाऱ्या दोन रेघा, मूळ गावाची आणि हंगामातल्या गावाची, दोन्ही उरलेल्या एकाच चौकटीला जोडल्या. पसारा गेला. प्रत्येक नाव एकदाच येऊ लागले. यादी कशी सुटसुटीत झाली. आम्ही ती छापली, चहा घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुढे द्यायची ठरवली.

तिथे स्वयंपाकाला येणाऱ्या एक मावशी भांडी आवरत होत्या. त्यांची स्वतःची उमर कोयत्यावर गेलेली. त्यांना वाचता येत नव्हते, पण वस्तीवरचे लेकरू न लेकरू ठाऊक. मी सहज म्हणून यादी मोठ्याने वाचू लागलो. पाच-दहा नावे झाली आणि त्यांचा हात थांबला.

'भाऊ, ही तर घरीच ऱ्हाणाऱ्यांची नावं हायेत. कोयत्यावर चाललेल्यांची लेकरं कुठंयत? एकाचं बी नाव न्हाई.'

मी पुन्हा वाचले. मावशींचे खरे होते. ज्यांच्यासाठी यादी करायची होती, नेमकी तीच मुले यादीतून गेली होती. ज्यांना सोयीची गरज नव्हती, ती सगळी शिल्लक होती. आणि यादी दिसायला नीटनेटकी होती, म्हणून आम्हाला शंकाही आली नव्हती. सकाळी ती गेली असती तर भाताचा अंदाज तिच्यावरून, अंथरुणांचा अंदाज तिच्यावरून. हे चुकले ते संगणकाचे नाही, त्या पोराचेही नाही. 'उडव की' म्हणणारा मी होतो.

मग आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मी एक मूल धरले. त्याचे मूळ गाव क्रमांक ७ आणि हंगामातले गाव क्रमांक ५२. दोन्ही रेघा एकाच चौकटीला जोडल्या, म्हणजे आम्ही संगणकाला सांगितले होते की गावांच्या तक्त्यातली अशी एक ओळ शोध, जिचा क्रमांक ७ ही आहे आणि ५२ ही आहे. अशी ओळ असेल कशी? एक गाव एकाच वेळी दोन गावे असू शकत नाही. ओळ सापडली नाही, म्हणून मूल यादीत आले नाही. जे घर कुठेच जाणार नव्हते, त्याचे मूळ गाव ७ आणि हंगामातलेही ७. त्याला ओळ सापडली, म्हणून ते मूल राहिले. संगणकाने आमचा हुकूम तंतोतंत पाळला होता.

म्हणजे 'गावे_१' हा तक्ता जास्तीचा नव्हताच. ती दुसरी प्रतही नव्हती. तक्ता एकच, त्याला दिलेले नाव दुसरे. ॲक्सेसमध्ये एखादा तक्ता क्वेरीत दुसऱ्यांदा घेतला की तो कार्यक्रम आपण होऊन त्याच्या नावापुढे '_१' लावतो, तिसऱ्यांदा घेतला तर '_२'. हे त्याचे खुर्द आणि बुद्रुक. फरक इतकाच की आपली खुर्द आणि बुद्रुक ही खरोखर दोन गावे असतात, आणि इथे मात्र ते अंबाजोगाई आणि मोमिनाबादसारखे आहे, गाव एक आणि नावे दोन.

मग लेकराचे नाव पन्नास-साठ वेळा का येत होते? तो दोष होता 'गावे_२' चा. तक्ते निवडायच्या खिडकीत माउस एकदा जास्त दाबला गेला आणि तिसरी चौकट पडद्यावर आली. तिला कुठलीच रेघ नव्हती. रेघ नसली की संगणक काय करतो, तर पहिल्या बाजूच्या प्रत्येक ओळीशी दुसऱ्या बाजूची प्रत्येक ओळ जोडतो. समजा २०० मुले आहेत आणि ६० गावे आहेत, तर २०० गुणिले ६०, म्हणजे १२,००० ओळी. गणितात याला देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या नावावरून कार्टेशियन गुणाकार म्हणतात. आपण त्याला बिनकामाचा पाहुणा म्हणू. लग्नघरात तो कुणाचाच नातलग नसतो, पण प्रत्येकाशी ओळख काढीत फिरतो.

तीन चौकटींपैकी एक मूळची, एक गरजेची आणि एक नको असलेली होती. आम्ही गरजेची आणि नको असलेली एकाच झाडूने झाडली.

हल्ली खेड्यापाड्यांतल्या शाळांत, पतसंस्थांत, दूध संस्थांत तरुण मुले-मुली असे तक्ते सांभाळतात. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून त्या रात्री शिकलेले चार धडे सांगतो.

पहिला धडा, चौकट काढण्याआधी तिची रेघ पाहा. रेघच नसेल आणि तिच्यातला एकही रकाना यादीत वापरलेला नसेल, तर ती चौकट खुशाल काढा. तिच्यावर टिचकी मारून डिलीट दाबले की ती फक्त त्या क्वेरीतून जाते, मूळ तक्ता आणि त्यातली माहिती जागेवर राहते. रेघ असेल तर ती कोणत्या रकान्यातून निघते ते वाचा. मूळ गाव आणि हंगामातले गाव, जन्मगाव आणि सासर, देणारा आणि घेणारा अशा दोन वेगळ्या नात्यांसाठी दोन चौकटी लागतातच.

दुसरा धडा, 'गावे_१' हे नाव तसेच ठेवू नका. त्या चौकटीच्या गुणधर्मांत टोपणनाव देण्याची सोय असते. तिथे 'मूळगाव' आणि 'हंगामगाव' अशी नावे द्या. आम्ही त्या रात्री तसेच केले. नाव नीट असते तर 'उडवू का' हा प्रश्नच आला नसता. 'हंगामगाव' उडवायला कुणाची जीभ धजावली असती?

तिसरा धडा, ओळी मोजा. मुलांच्या तक्त्यात जितकी मुले, तितक्याच ओळी यादीत यायला हव्यात. जास्त आल्या तर कुठे तरी रेघ सुटली आहे, किंवा गावांच्या तक्त्यात एकच क्रमांक दोनदा पडला आहे. कमी आल्या तर कोणी तरी गळले आहे. जास्तीच्या ओळी डोळ्यांना टोचतात, म्हणून त्यांची तक्रार लगेच होते. गळलेली ओळ दिसत नाही, ती तक्रारही करत नाही. म्हणून कमी झालेल्या आकड्याला जास्त भ्यावे.

चौथा धडा, दोन नावांचा एकच तक्ता आणि खरोखर दोन तक्ते यांतला फरक ओळखा. कोणी तरी घाईत तक्त्याची नक्कल करून ठेवतो, तिच्या नावात 'कॉपी' असा शब्द येतो, आणि मग काही मुले असलमध्ये आणि काही नकलेत नोंदली जातात. ती खरी दुहेरी नोंद. एकात दुरुस्ती केली तरी दुसऱ्यात चूक तशीच राहते. ही नक्कल मात्र ताडून, फरक उतरवून, मगच मोडावी. आणि मोडण्याआधी सबंध फाइलची एक प्रत बाजूला ठेवावी. मराठेशाहीतल्या कारकुनालाही हे ठाऊक होते.

एक मोह मात्र फार वाईट. एकच नाव पुन्हा पुन्हा येऊ लागले की कोणी तरी जाणकार सांगतो, अमुक ठिकाणी 'युनिक व्हॅल्यूज' असे आहे, तिथे 'येस' करा, सारख्या ओळी आपोआप जातील. कॉडच्या गणितात तक्त्यात दोन अगदी सारख्या ओळी असूच शकत नाहीत. व्यवहारातल्या एसक्यूएलने मात्र त्या चालवून घेतल्या आणि त्या काढण्यासाठी वेगळा हुकूम दिला. हा तोच हुकूम. त्याने रोग जात नाही, फक्त पुरळ झाकले जाते. आणि आमच्यासारख्यांची तर त्यात हटकून पंचाईत होते.

पंचाईत कशी, ते सांगतो. मराठवाड्यातल्या मुसलमानांची नावे पाहा. शेख रहीम शेख करीम, सय्यद, पठाण, हीच मोजकी आडनावे आणि नावेही पन्नासेक. एका वस्तीत एकाच वर्गात 'शेख शबाना शेख रहीम' दोन असू शकतात. त्यांचे वडील वेगळे, आया वेगळ्या, घरे वेगळी. यादीत फक्त नाव आणि इयत्ता घेऊन 'सारख्या ओळी काढा' म्हटले की दोन मुलींची एक मुलगी होते. उलट, एकच मुलगी एका कागदावर 'शेख शबाना' आणि दुसऱ्यावर 'शबाना रहीम शेख' असली की तिच्या दोन मुली होतात. पहिला रकाना नावाचा आणि शेवटचा आडनावाचा, असे धरणाऱ्या तक्त्यात तर आमच्या अर्ध्या गावाचे नाव 'शेख' होऊन बसते. हे फक्त आमचेच नाही. एका आडनावाच्या वाडीत, एका भावकीत, नातवाला आजोबाचे नाव ठेवणाऱ्या प्रत्येक घरात हेच होते. म्हणून यादीत मुलाचा क्रमांक आणि आईचे नाव कधी गाळू नये.

अक्षरांचीही एक गंमत आहे. 'कऱ्हाड' हा शब्द संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकाच्या पोटात अक्षरांचे संकेत वेगळे असतात, म्हणून त्याच्या लेखी ती दोन गावे. तिसरा कोणी 'कराड' लिहितो, झाली तीन. डोळ्यांना एक आणि यंत्राला तीन. यावरही उपाय तोच, कॉडने सांगितलेला. नावाने जोडू नका, क्रमांकाने जोडा. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी क्रमांक दिला गेला. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. ज्या याद्या नावाने जोडलेल्या आहेत, त्यांत जुने आणि नवे असे दोन जिल्हे नांदत राहतील. ज्या क्रमांकाने जोडलेल्या आहेत, त्यांत एका जागी नाव बदलले की काम झाले.

२०२३ मध्येच मराठवाड्यात जुन्या नोंदींचा मोठा शोध सुरू झाला. दप्तराचे गठ्ठे सुटले, आणि उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज पुन्हा भासली. एका नोंदीवर एका घराचे भवितव्य कसे अवलंबून असते, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले. त्या बातम्या वाचताना मला आजोबांची दोन कागदे आठवली. त्यांतला एक कागद जास्तीचा म्हणून कोणी जाळला असता तर? उर्दूतला गेला असता तर घराण्याचे मूळ गेले असते. मराठीतला गेला असता तर नव्या राज्यातली ओळख गेली असती. वडिलांनी दोन्ही ठेवले आणि मला मधली बेरीज शिकवली.

दुहेरी नोंद दिसली की आपल्याला राग येतो. राग यावाच, कारण तिच्या आडून लबाडीही होते. एकाच माणसाच्या नावावर दोनदा धान्य उचलले जाते, मेलेल्याच्या नावाने मत पडते. पण साफसफाईच्या भरात ज्याचे नाव जाते तो बहुधा लांब असतो. तो उसाच्या फडात असतो, वीटभट्टीवर असतो, दुसऱ्या राज्यात असतो. ज्याचे गाव एकच, त्याचे नाव सहसा गळत नाही. ज्याला पोटासाठी दोन गावे करावी लागतात, त्याचेच गळते. आपल्या जिल्ह्याइतके हे कुणाला ठाऊक असणार?

त्या रात्री आम्ही गावांचा तक्ता पुन्हा क्वेरीत घेतला. 'मूळगाव'ची रेघ एका चौकटीला, 'हंगामगाव'ची दुसऱ्या चौकटीला. तिसरी चौकट घेतली नाही. पोराने बटण दाबले आणि ओळी मोजल्या. मुलांच्या तक्त्यातला आकडा आणि यादीतला आकडा जुळला. मग मी मावशींना म्हणालो, 'मावशी, बसा. आता पुन्हा वाचतो.'

त्या भिंतीला टेकून बसल्या. मी एकेक नाव, आईचे नाव, मूळ गाव आणि हंगामातले गाव वाचत गेलो. प्रत्येक नावाला त्या नुसते 'हाय' म्हणत होत्या. मध्येच एका नावाला म्हणाल्या, 'हिला शाळंची लई गोडी हाय, हिला ठिवून घ्या.' रात्री साडेबाराला यादी संपली. पोरगा खुर्चीतच झोपला होता. मावशींनी विचारले, 'समदी आली न्हवं?'

मी म्हणालो, 'आली.'